वर्षाची बरणी

ता. ९ जानेवारी

चि. धाकटीस, दादाचा आशीर्वाद आणि मास्तरांना सलाम.

पत्रास कारण तुझी बरणी. काल बसून तिची खरी किंमत काढली. वर्षभर दर शनिवारी डबे घेऊन तेलाच्या दुकानापर्यंत चाळीस मिनिटं पायपीट. साली-देठं कुंड्यांत जिरवून नखांत कायमची माती. वाण्याशी वाकडं, कारण तू कागदाच्या पुड्याच मागतेस. मास्तरांची आवडती बिस्किटं बंद, कारण ती चकचकीत वेष्टनात येतात. आणि सख्ख्या भावाच्या कारखान्यातल्या एकाही प्लास्टिकच्या पिशवीला तुझ्या घरात प्रवेश नाही. एवढं सगळं मोजून वर्षाअखेर हातात काय, तर जॅमच्या बरणीत मावेल इतका कचरा.

ती बरणी तू उपासनेनंतर सगळ्या मंडळीपुढे उंच धरलीस म्हणे. वर्षभरात कचऱ्याची गाडी आमच्या दारात एकदाही थांबली नाही, असंही ठणकावून सांगितलंस. पाळकसाहेब इकडे आले होते, कौतुकाने सांगत होते. मीही मान डोलावली. घरचं माणूस उंच धरलेलं कुणाला आवडत नाही?

तुझं उत्तर मला पाठ आहे. प्रभूने पाच भाकरींत एवढा जमाव जेवू घातला आणि तरी उरलेले तुकडे वेचायला लावले. ज्याला भाकरी वाढवता येते तोही काही वाया घालवत नाही, मग आपण कोण. वकीलच व्हायला हवी होतीस. मी पिशव्या विकून मोठा झालो, मला हा दृष्टांत परवडत नाही, इतकंच.

मास्तरांचे पाय सुजतात असं ओझरतं लिहिलं आहेस. ओझरतं लिहिलेलंच मी दोनदा वाचतो. डॉक्टरांना दाखव.

लोभ आहे तितका राहू दे. वाढलाच तर भरून ठेवायला माझ्याकडे पिशव्या पुष्कळ आहेत.

दादा


ता. २ मार्च

प्रिय दादास, प्रभूमध्ये सप्रेम सलाम वि. वि.

दोनदा वाचलंस ते बरं केलंस. यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. पोटात एक नळी बसवली आहे. दिवसातून चार वेळा पिशवीतलं औषधी पाणी तिच्यातून पोटात सोडायचं, काही तासांनी ते काढून नवं भरायचं, म्हणजे रक्तातली घाण त्याबरोबर बाहेर येते. सगळं घरीच. हे स्वतःच करतात, हात फळ्यावर लिहिताना असायचा तसा स्थिर.

दर वेळी दोन पिशव्या, नळ्या, वरचं वेष्टन, आणि नळीच्या तोंडाला लावायची बोटाच्या पेराएवढी टोपी. एकदा वापरायचं आणि फेकायचं. टोपी तर काढली की बाद, असं नर्सबाईंनी तीनदा बजावलं. पहिल्याच दिवशी दुपारच्या आत बरणी भरली. ती मी पोत्यात उपडी केली, धुतली आणि फळीवर मागे सरकवून ठेवली.

मी तोंडाने काही म्हणत नाही. पण परवा पोतं बांधताना सुस्कारा निघून गेला आणि यांनी तो ऐकला. तुझं वर्ष मी एका सकाळीत संपवलं, असं म्हणून हसले. मला हसता आलं नाही.

चार दिवस काढून येऊन जा. तू आलास की हे थोडं खातात.

तुझा लोभ लागेल, नेहमीपेक्षा जास्त.

धाकटी


ता. २१ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. मास्तर फिकट झालेत, पण जीभ शाबूत आहे. पिशवीच्या बाहेरच्या वेष्टनावर माझ्या कारखान्याचा शिक्का आहे. तुला दिसला नसेल, त्यांना दिसला. म्हणाले, मेहुणे, तुम्ही दारातून आला नाहीत ते शेवटी पोटातून आलात. तुला सांगू नका असंही म्हणाले, म्हणून सांगतो.

एक विचारायचं राहिलं, आणि ते तिथेच विचारायला हवं होतं. तिन्ही दिवस सकाळी तू दुधाला गेलीस की स्वयंपाकघरात पातेल्यात काहीतरी उकळत टिकटिक वाजायचं. मास्तर म्हणाले, चमचे. यंत्रांचे आवाज ऐकून मी पोट भरलं आहे. चमचा तसा वाजत नाही, प्लास्टिक तसं वाजतं. पाहुण्याने दुसऱ्याच्या पातेल्यात डोकावू नये म्हणून गप्प बसलो. तू डोकाव. पत्र हाती पडताच.

लोभाचं पुढच्या पत्रात बोलू.

दादा


ता. २९ मार्च

प्रिय दादास, सलाम.

पत्र काल मिळालं. डोकावायची गरज उरली नव्हती. आदल्या दिवशी पोटातून निघालेलं पाणी गढूळ आलं, साबण विरघळल्यासारखं. थंडी वाजून ताप भरला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा यांनी वर्गातल्या पोरासारखं कबूल केलं. रोज सकाळी जुनी टोपी उकळून पुन्हा लावत होते. सोळा वाचवल्या, असा आकडाही सांगितला. बाईंनी तो आकडा कागदावर लिहून घेतला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत. म्हणाले, तूही तोंडाने काही म्हणत नव्हतीस.

दादा, फेकणं पाप आहे असं मी या माणसाला बावीस वर्षं शिकवलं. शाळेत ते शिकवायचे, घरी मी. माझाच विद्यार्थी जास्त आज्ञाधारक निघाला. पाळकसाहेब येऊन गेले, देव हेतू पाहतो म्हणाले. जंतूंना हेतू दिसत नाही. प्रार्थनेला बसते तर बरणी उंच धरलेला माझाच हात दिसतो.

तू ऐकलं होतंस. हे रागाने लिहीत नाही. पत्राला आठवडा लागतो, एवढंच.

धाकटी


ता. १६ एप्रिल

चि. धाकटीस,

मास्तरांना माती देऊन आल्यापासून रोज कागद पुढे घेतो आणि बाजूला ठेवतो. पेटी त्यांनी सांगितली तशीच झाली, साध्या फळ्यांची, बिनरंगाची. सुतार म्हणाला, इतकी स्वस्त पेटी मी परक्या माणसालाही केली नव्हती. त्याला काय सांगणार.

मी ऐकलं होतं. शेजारच्या टेबलावर फोन होता आणि मी पत्र लिहिलं, कारण मेहुण्याची चहाडी फोनवर करणं बरं दिसत नव्हतं. तू हे लिहिलं नाहीस, म्हणून मी लिहितो. सगळा दोष एकटीने उचलू नकोस. माझा वाटा मला दे.

इकडे राहायला ये. घरात एकही पिशवी ठेवणार नाही.

दादा


ता. २ मे

प्रिय दादास, सलाम.

येत नाही. राग नाही, आवरायचं आहे. यांच्या दाढीच्या डब्यात त्या सोळा टोप्या सापडल्या, कोऱ्या, पाकिटासकट. बरणीत सहज मावल्या.

पुढच्या दोन महिन्यांचा माल आधीच येऊन पडला होता, खोलीभर खोकी. कंपनी परत घेत नाही. दवाखानाही घेत नाही, एका घरात राहिलेला माल दुसऱ्या रोग्याला देत नाहीत. नियम बरोबर आहे, हे आता मला कुणी शिकवायला नको. दोन दिवस पिशव्या फोडून पाणी मोरीत ओतत होते. तुझा शिक्का प्रत्येक वेष्टनावर आहे. तुकडे वेचा, असं प्रभूने सांगितलं. वेचलेले कुठे ठेवायचे ते मला कधीच कळलं नव्हतं, असं आता वाटतं.

वाटा मागितलास, तो दिला. लोभ असू दे, मागण्यासारखं तेवढंच उरलं आहे.

धाकटी

ता. क. आज सकाळी कचऱ्याची गाडी आमच्या दारात थांबली. एका खेपेत मावलं नाही, दुसरी खेप करावी लागली.