पिलूच्या ओठांवरची पट्टी

ता. ३ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पिलूच्या ओठांवर चिकटपट्टी लावून तू तिला झोपवतोस, असं आज तुझ्या बायकोने फोनवर रडत सांगितलं, म्हणून हे पत्र. फोनवर तू विनोद करून विषय उडवतोस.

रविवारी हलणारा दात दाखवायला तिला माझ्या दवाखान्यात आणलंस. माझ्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येक मुलाला मी झोपेबद्दल विचारते: घोरतोस का, तोंड उघडं राहतं का, सकाळी डोकं दुखतं का. पिलूला विचारलं, तर सगळी उत्तरं तूच दिलीस. आठ वर्षांच्या मुलीची वकिली करायला बसलास. मस्त झोपते म्हणालास. पण तिची टाळू अरुंद आणि उंच आहे, दाढा झोपेत घासून सपाट झाल्यात, आणि टॉन्सिल इतके मोठे की मध्ये जेमतेम फट उरली आहे. मी म्हटलं, ही तोंडाने श्वास घेते, झोपेची तपासणी करून घे. त्यातलं पहिलं तेवढं तू घरी नेलंस.

आतली वाट अडते म्हणून ती तोंड उघडते. तेही तू बंद केलंस. पट्टी आजच काढ आणि तसं कळव.

तुझी ताई

ता. ६ जून

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

पट्टी काढली. तुझं पत्र बायकोने मोठ्याने वाचून दाखवलं, तेही दोनदा, तेव्हा शिक्षा भोगून झाली असं समज. आणि घोरण्याचं म्हणशील तर लहानपणी मीही घोरायचो, तू उशी फेकून मारायचीस. काय झालं मला?

थट्टा पुरे. काल दुपारी ती सोफ्यावर झोपली, तेव्हा शेजारी बसून राहिलो. घोरत होती, मग एकदम शांत झाली. मला बरं वाटलं. मग दिसलं, छाती हलते आहे पण श्वास नाही. मी हाक मारणार तोच ती दचकली, धाप लागल्यासारखा श्वास घेतला आणि पुन्हा घोरू लागली. असं परत परत झालं. यालाच मी गाढ झोप म्हणत होतो. वर्गात पेंगते म्हणून शाळेतून तक्रार आली, तेव्हा तिलाच रागावलो होतो.

तपासणीत काही निघालं तर ऑपरेशन म्हणतील, भूल देतील. ताई, मला त्याची भीती वाटते. रविवारी म्हणूनच मध्ये मध्ये बोलत होतो.

तुझा धाकटा

ता. ७ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

भीती वाटू दे, पण ती मुलीच्या अंगावर ढकलू नकोस. मी दातांची डॉक्टर. मला फक्त शंका घेता येते. आजाराचं निदान तपासणीत होईल, पुढचं कान-नाक-घशाचे डॉक्टर ठरवतील. सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असं नाही. लागलंच, तर भुलीच्या डॉक्टरांपासून काहीही लपवायचं नाही. हलणारा दात मी आधी काढीन. भुलीत सुटून तो श्वासनलिकेत जायला नको. आणि तिथे कोणाच्या हाती काय दिलंस ते मला लिहून कळव. रडगाणं नको.

तुझी ताई

ता. ९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तपासणीनंतर टॉन्सिल काढायचं ठरलं, तसं आज ऑपरेशनच्या मजल्यावर, बाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. हातांना काहीतरी काम हवं.

भुलीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, पट्टीचंसुद्धा. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग त्यांनी पिलूला झोपेबद्दल विचारलं. मी गप्प बसलो. झोपेत आपण पाण्याखाली जातो आणि वर यायला वेळ लागतो, असं तिने सांगितलं. आमच्याजवळ कधी बोलली नव्हती. आम्ही विचारलंच कुठे होतं. बायकोने माझा हात धरला तो अजून सोडलेला नाही. अक्षर त्यामुळे असं आलं आहे.

लोभ आहेच, आज तो थोडा जास्त लागेल.

तुझा धाकटा

ता. क. तू सांगितलंस तसं: कानातल्या रिंगा, केसांच्या पिना आणि चष्मा बायकोकडे. तपासणीचे कागद भुलीच्या डॉक्टरांकडे. पिलू नर्सच्या हाती दिली, जागी, मागे वळून बघत होती. रडली नाही. परत मिळायची आहे.