हरणाच्या मांसाचे रसाळ बर्गर

१८ नोव्हेंबर, शनिवार
बंदुकीच्या शिकारीचा सीझन आज उघडला आणि नाश्त्याआधी माझं हरीण पडलं. नर, झकास शिंगं. मेहुणा डेल्मर जन्मभर शिकार करतोय, त्याला आज शेपूटसुद्धा दिसलं नाही. नोंद करून ठेवतो.

कौशल्य म्हणजे काय ते आज कळलं. मचाणावरून उतरताना मी घसरलो, फांदी मोडली, दोनदा शिंकलो. तरी हरीण हललं नाही. माझी पावलं इतकी दबकी. मान खाली घालून उभं होतं, तोंडातून लाळ गळत होती. धाक बसला असणार.

सोललं तर आत चरबीचा ठिपका नाही. बरगड्या बोटांनी मोजाव्यात. डॉक्टर मला चरबी सोडा म्हणतात, ह्याने आधीच सोडली होती. तब्येतीला उत्तम मांस.

डेल्मर बघायला आला. तो कधी गप्प बसत नाही, आज बसला. मग म्हणाला, "ऑर्लिन, हे पळालं कसं नाही रे?" म्हटलं, मी वेळच दिला नाही. म्हणाला, "डोकं तपासणीला टाक. आजच टाक."
जळतो.

१९ नोव्हेंबर, रविवार
चर्चहून येताना आर्डिसने गाडी पेट्रोलपंपाकडे वळवायला लावली. हरणांची डोकी टाकायची पेटी तिथे आहे. आमच्या भागात झिजरोग आलाय. हरणं वाळत जातात, लाळ गाळतात, माणसाला भीत नाहीत आणि मरतात. माझ्या हरणाचा ह्याच्याशी संबंध नाही. पण बायकोच्या समाधानासाठी डोकं टाकलं.

"उत्तर येईपर्यंत ते मांस शिजवायचं नाही," आर्डिस म्हणाली. मी शब्द दिला. विम्याच्या धंद्यात आयुष्य गेलंय माझं, धोका मला नुसत्या वासावरून कळतो.

मोठी बातमी: दोन डिसेंबरला अग्निशमन केंद्रात शिकारीचं गावजेवण. बर्गर दरवर्षी डेल्मर भाजतो आणि मग वर्षभर त्याबद्दल बोलतो. यंदा मी हात वर केला. सगळे क्षणभर गप्प झाले. आदर.

संकल्प: एक, रोज चालणे. दोन, डेल्मरशी वाद न घालणे. तीन, बर्गरमध्ये चरबी अजिबात नाही, तरी रस टपकला पाहिजे.

२१ नोव्हेंबर, मंगळवार
शिजवायचं नाही म्हणजे खायचं नाही, असा त्याचा अर्थ. भाजण्याचा सराव वेगळा.

आर्डिस गायनाच्या तालमीला गेल्यावर खिमा केला, अंगणात ग्रिल पेटवलं. उलथन्याने दाबलं की चर्र होतं. फार समाधान देणारा आवाज. म्हणून पुष्कळ दाबलं. एक बर्गर अभ्यासापुरता खाल्ला.
रस कमी. खरं तर नाही. गिळायला दोन ग्लास दूध लागलं.

मक्याच्या शेताच्या कडेला एक हरिणी उभी होती. सगळा वेळ धुराकडे बघत. बारीक आहे. हाकललं, हलली नाही. धीट जात.

चाललो नाही. गुडघा.

२३ नोव्हेंबर, गुरुवार
थँक्सगिव्हिंगचं जेवण. डेल्मरने टर्की तोडता तोडता माझी शाळा घेतली. "हरणाच्या खिम्यात डुकराची चरबी मिसळावीच लागते. चार वाट्यांना एक वाटी. खिमा बर्फासारखा गार ठेव. मळू नकोस, तो पाव नाहीये. मधे अंगठ्याने खळगा कर. आणि देवाशपथ, उलथन्याने दाबू नकोस! तो चर्र आवाज म्हणजे तुझा रस कोळशावर जातोय, शहाण्या."
सगळं टेबल ऐकत होतं. आर्डिससुद्धा मान डोलावत होती.
म्हणजे आता चरबी घालणं अशक्यच झालं.

२५ नोव्हेंबर, शनिवार
खिम्यात बिअर ओतली. तर्क साधा आहे: ओलं घातलं की ओलं राहील. किसलेलं सफरचंदही घातलं. बर्गर ग्रिलच्या दांड्यांमधून खाली कोळशात पडले. उरलेला एक खाल्ला, अभ्यासापुरता.

हरिणी आज कुंपणाच्या अलीकडे. मी मागे वळलो तर फार जवळ होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत मी नव्हतोच, असं वाटलं. मचाणाखालचं हरीणही असंच बघत होतं.
वारा गार होता म्हणून आत आलो. घाबरून नव्हे.

२८ नोव्हेंबर, मंगळवार
तपासणीबद्दल वनखात्याकडून फोन नाही. वाईट असतं तर केव्हाच केला असता. सरकार चांगल्या बातमीसाठी फोन करत नाही. म्हणजे मांस स्वच्छ.
आर्डिसने विचारलं, "काय झालं रे तपासणीचं?" म्हटलं, फोन आला, ठीक आहे. हे खोटं नव्हे. खरं आहे ते थोडं आधी सांगितलं, एवढंच.

मग मी तिच्यासाठी बर्गर भाजला. कांदा, लोणचं, चीज, सगळा थाट. ती कोट घालून मागच्या पायरीवर बसली आणि खाल्ला. पूर्ण. फार वेळ चावत होती. "छान आहे," म्हणाली. इतके दिवस ह्या वाक्यासाठीच तर चाललं होतं.
मग म्हणाली, "ऑर्लिन, ती बघ. ती हरिणी आजारी आहे का रे?"
कुंपणाला टेकून बसली होती, मान एका बाजूला. म्हटलं, दमली असेल.

२९ नोव्हेंबर, बुधवार
हरिणी मेली. तिला न्यायला आलेल्या वनखात्याच्या माणसांनी लांब हातमोजे घातले होते. म्हातारी असणार.
आज खिम्याचं मशीन पुन्हा पुन्हा धुतलं. कारण काही नाही.

२ डिसेंबर, शनिवार
गावजेवण. लिहायचा उत्साह नाही.

रांग बरीच मोठी होती. मांसाची तपासणी झाली का, असं दारातच फायर चीफ सँडीने विचारलं. आर्डिसने माझ्या आधी उत्तर दिलं: "झाली, ठीक आहे." तिच्या शब्दावर हे गाव डोळे मिटून रस्ता ओलांडेल.

मी दाबायचं नाही असं ठरवलं होतं, पण डेल्मर शेजारीच हाताची घडी घालून उभा होता. दाबलं. पहिला घास घेतल्यावर लोकांचे जबडे थांबले. मग कागदी रुमाल तोंडाशी. एकामागून एक. पास्टरसुद्धा. डेल्मर सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "अरे, बूट भाजण्याआधी सोलायचा तरी होतास!" लोक हसले. कचऱ्याचा पिंप माझ्या बर्गरांनी भरला. सँडीच्या कुत्र्यानेही एक हुंगला आणि सोडून दिला.
शेवटी मी तिथेच उभा राहून दोन खाल्ले. कुणीतरी खायला हवे होते.

५ डिसेंबर, मंगळवार
दुपारी वनखात्याचा फोन. बाई फार मऊ आवाजात बोलत होती. नमुना बाधित. झिजरोग. "कोणी खाल्लंय का?"

गावजेवणाचं सांगितलं. गावजेवणाहून माझ्याकडे राहिलेला आपला मोठा चिमटा न्यायला डेल्मर आला होता. त्याने ऐकलं. मग माझ्या हातातून फोनच घेतला. "बाई, ऑर्लिन सोडून एकानेही गिळलेला नाही. मी प्रत्येकाकडे बघत होतो. सगळ्यांनी थुंकला. शपथेवर सांगतो, तो गिळण्यासारखा नव्हताच!" आयुष्यात पहिल्यांदा मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

मी फोन परत घेतला. बाई म्हणाली, माणसाला हा रोग झाल्याचं आजवर एकही उदाहरण नाही, पण खाऊ नये असंच आम्ही सांगतो. ज्यांनी खाल्लं त्यांची नावं टिपून ठेवते. मी माझं सांगितलं.
सिंकपाशी आर्डिस हात पुसत होती. म्हणाली, "माझंही सांग. पूर्ण खाल्ला म्हणावं."

डेल्मर गेला. चिमटा इथेच राहिला.
मी तिला विचारलं, इतका वाईट होता तर संपवलास कशाला?
"तू दारात उलथनं धरून उभा होतास," ती म्हणाली. "काय करणार होते मी?"

मग म्हणाली, "त्या मंगळवारी फोन आला होता ना, ऑर्लिन?"
मी डेल्मरचा चिमटा उचलून पुसायला घेतला.
"बरं," म्हणाली. माझ्या कपात कॉफी ओतली, स्वतःचा कप घेतला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.