एक पत्रक सोडून

१० जाने., शनि.
आयरिश फिनबार आजोबांकडे दुसरी खेप. राहतात आमच्या नेपरव्हिलमध्येच, पण बर्फात ड्राइव्ह करून जीव गेला. तळघरात बुटांची खोकी, त्यांत आयर्लंडमधली निवडणूक पत्रकं. बहुतेक पक्ष केव्हाच संपलेले. एका उमेदवारानं गायीसोबत फोटो काढलाय. गाय जास्त आत्मविश्वासू.
गार्गी डब्लिनला याच छोट्या पक्षांवर थीसिस करतेय. "स्कॅन करून देशील, यार?" तिनं विटा स्कॅन करायला सांगितल्या असत्या तरी केल्या असत्या.
आजोबा म्हणाले, "छोटा पक्ष म्हणजे तीन माणसं. चौथा आला की फूट." आपलं मराठी मंडळच की!
घरी आल्यावर आई : "कॉलेज अर्धवट सोडलंस, आता परक्या देशाची रद्दी?" दार आपटून वर आलो.

१४ जाने., बुध.
संक्रांत. आईनंच तिळगुळाची डबी दिली. "म्हाताऱ्याला दे. दात आहेत ना?" 
आजोबांनी विचारलं, हे कशाबद्दल? सांगितलं, ज्याच्याशी भांडण झालंय त्यालाही देतात, गोड बोल म्हणून. चावता चावता थांबले. मग शनिवारच्या गठ्ठ्यातून एक पिवळं पत्रक काढलं. त्यावर तेच, तरुण, रुंद कॉलरवाले.
तिथं मतपत्रिकेवर एक, दोन, तीन अशी पसंती लिहितात. आपला माणूस बाद झाला की मत दोन नंबरवाल्याकडे जातं. आजोबा थोरल्या भावाच्या, डोनलच्या पक्षातून भांडून बाहेर पडले, नवा पक्ष काढला, त्याच्याच विरुद्ध उभे राहिले. आणि पत्रकात शेवटी छापलं : दोन नंबर डोनलच्या प्रतिस्पर्ध्याला द्या.
"रागात छापलं. मी बाद झालो, माझी मतं तिकडं गेली, डोनल थोडक्यात पडला. मोजणीच्या हॉलमध्ये त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. त्याच वर्षी मी इकडे आलो. हे एवढं सोडून बाकी सगळं पाठव."
 त्या पत्रकाचा फोटो मी शनिवारीच काढलाय, फोनमध्ये आहे.

१५ जाने., गुरु.
गार्गीचा फोन. मूर्खासारखं सगळं सांगून बसलो.
"अरे, त्या पक्षाचा एकही कागद इथं कुठे मिळत नाही! पाठव ना. त्यांना कळणारसुद्धा नाही."
"नाही पाठवणार."
"तुला काय माहीत थीसिस काय असतं. तू तर सगळं सोडून बसलायस."
फोन कट केला. मी! जिच्या मेसेजसाठी फोन उशाशी घेऊन झोपतो, तिचा.

१६ जाने., शुक्र.
फोटो उघडला. पाठवायच्या बाणावर अंगठा. पाठवला की ती खूश, उद्याच बोलेल. आणि आजोबा?
बंद केला. डिलीटही नाही केला.

१७ जाने., शनि.
आजोबांना सांगून टाकलं. फोटो दाखवला. डिलीट करू?
चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, मलाही चिडता आलं असतं. बराच वेळ बघत बसले. "अर्धं पत्रक डोनलचं आहे. त्याला विचारा. हो म्हणाला तर दे."
"त्यांचा नंबर?"
"नंबर कसला! पत्ता आहे. तो घर सोडणाऱ्यांतला नाही."
पत्ता गार्गीला पाठवला. वाचलाय. उत्तर नाही.

२१ जाने., बुध.
गार्गी : "सोडून बसलायस वगैरे, सॉरी. शनिवारी बसनं त्या पत्त्यावर जातेय. तिळगूळ कुठून आणू? बिस्किटं नेते."
चार उत्तरं लिहिली, खोडली. शेवटी "ओके" पाठवलं. धन्य.

२४ जाने., शनि.
सकाळपासून आजोबांकडेच. त्यांच्या टेबलावर लिहितोय. इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत, जसं काही तेच जाणार आहेत.
गार्गी : "बेल वाजवली."
मग कितीतरी वेळ काही नाही. आजोबांनी चहा दोनदा गरम केला, प्यायले नाहीत.
गार्गी : "आत बसलेय. डोनल आजोबांना पत्रकाचं सांगितलं. हसले की खोकले, कळलं नाही. विचारतायत, फिनबार आत्ता त्या मुलाच्या शेजारी आहे का? काय सांगू?"
वाचून दाखवलं.
"पुन्हा वाच."
पुन्हा वाचलं. आजोबा खिडकीशी गेलेत. तिकडे गार्गी थांबलीय.