दगाबाज बोटं

२ डिसेंबर, सोमवार
अकरा वर्षांनी गिटार कपाटावरून खाली काढली. काल भाचा अमायास आला होता. एकोणीस तारखेला त्याचं लग्न. रीतीचे चहाचे तिन्ही ग्लास संपेपर्यंत इकडचंतिकडचं बोलत राहिला. निघताना चपला घालत विचारलं, "मामा, गिटार अजून वाजते का?" एवढंच. पण आपल्यात मोठ्या माणसाला 'वाजवा' असं तोंडावर कोण म्हणतं? मी काय ते समजलो. लग्नात पहिलं गाणं माझं.

वीस वर्षं या वाळवंटातल्या तमनरासेतच्या नगरपालिकेत जन्माच्या दाखल्यांवर शिक्के मारतोय. गाव मला दाखलेवाला म्हणतं. एके काळी गिटारवाला म्हणायचं. एकोणीस तारखेनंतर पुन्हा म्हणेल.

संकल्प: रोज एक तास वॉर्म-अप. नुसती बोटं मोकळी करायची, एक-दोन-तीन-चार, प्रत्येक तारेवर. गाणी नंतर. घाई नाही.

३ डिसेंबर
सात मिनिटं. पहिली दोन बोटं ठीक. अनामिका जागची हलत नाही, आणि हललीच तर करंगळीला सोबत घेऊन जाते. अकरा वर्षं हिला काडीचं काम दिलं नाही, त्याचे हे पांग फेडतेय.

बायको, तेहित, म्हणाली, अंगणात वाजवू नका, शेळी पान्हा चोरायला लागलीय. शेळीला संगीतातलं काय कळतं. आणि तेहितलाही.

५ डिसेंबर
काल सुट्टी. बोटांच्या टोकांना फोड. आज तारा बदलल्या, जुन्या गंजल्या होत्या, सगळा दोष त्यांचाच. नव्या तारांवरही आवाज तसाच. म्हणजे दोष थंडीचा. डिसेंबरात लाकूड आखडतं.

८ डिसेंबर
बिगा आला. माझा आतेभाऊ. आते-मामे भावंडांनी एकमेकांची उडवायची आणि समोरच्याने रागवायचं नाही, ही आमची रीत. रागावला तो हलका. दहा मिनिटं ऐकून म्हणाला, "सायकलचा ब्रेक दुरुस्त करतोयस का?" मी हसलो. मग म्हणाला, "अरे, अमायासने वाजवणारे ठरवलेत. लांब जानेत गावाहून येतायत. तुझं नाव नाहीये त्यात." आणखी हसलो. बिगाच्या जिभेला हाड नाही, पण सुचतं भारी.

११ डिसेंबर
आज गिटारला हात लावला नाही, नुसता विचार केला. लग्नासाठी ठरवलेली तिन्ही गाणी मनात एकदम स्वच्छ वाजली. ऑफिसात टेबलावर बोटं फिरवली. एका बाईच्या दाखल्यावर शिक्का उलटा पडला. ती फार बोलली. कलेची कदर नाही.

१४ डिसेंबर
बिगा पुन्हा. या खेपेला चेहरा गंभीर. म्हणाला, "ऐक, थट्टा नाही करत. तुला वाजवायला बोलावलेलं नाही." गंभीर चेहऱ्याने उडवणं ही त्याची खासियत. मी इतका हसलो की तेहित आतून बघायला आली. ती नाही हसली. बिगाही नाही.

१७ डिसेंबर
डोक्यातोंडाला गुंडाळायच्या फेट्यासाठी सहा मीटर नवं निळं कापड आणलं. आरशासमोर तास गेला, वॉर्म-अपला उरली पाच मिनिटं. अनामिका चारदा बरोबर पडली. आता काही काळजी नाही.

१९ डिसेंबर, सकाळ
अमायास आला. "मामा, नेतो," म्हणाला आणि गिटार उचलली. भाच्याने मामाच्या घरातली वस्तू नेताना विचारायचं नसतं, मामाने अडवायचं तर मुळीच नसतं. मी म्हणालो, ने, मी मागून येतो. शहाणं पोर. मामाला ओझं नको म्हणून.

गिटारची पिशवी तेहितने आधीच झाडून ठेवली होती.

२० डिसेंबर, शुक्रवार
काल लग्नाला जानेतहून तिघं आले होते. त्यांच्याकडे गिटारी दोनच. तिसरा माझी घेऊन बसला. पहिलं गाणं त्याने सुरू केलं. वॉर्म-अप वगैरे काही नाही, सरळ गाणं. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला, त्यात तेहित सगळ्यांत पुढे. आणि गिटार काय गोड वाजत होती! माझ्या हातात अठरा दिवस नुसती कण्हली.

सगळे दगाबाज. भाचा, बायको, बोटं, आणि सगळ्यांत जास्त ती गिटार. तेहितला बाजूला घेऊन विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, सगळ्यांना माहीत होतं, बिगाने तुम्हाला दोनदा सांगितलं. म्हटलं, ती थट्टा होती. ती परत टाळ्या वाजवायला गेली.

मी लांब वाळूत जाऊन बसलो. फार वाईट वाटत होतं. थोड्या वेळाने बिगा येऊन शेजारी बसला. बरं वाटलं. म्हटलं, आता हाणेल एखादा टोमणा, फेट्यावरून, अनामिकेवरून, कशावरूनही. मी हसेन आणि विषय संपेल. मी वाट बघत राहिलो.

त्याने चहाचा ग्लास माझ्या हातात दिला. म्हणाला, "घ्या दादा, गरम आहे."

दादा. घ्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

मी फेट्याचं टोक डोळ्यांपर्यंत ओढून घेतलं.