दाराला टेकवलेला टर्बो

प्रिय लॉनी,

ट्रक शेडमधून बाहेर काढलाय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून कळलं म्हणून तू फुरंगटून बसायला नकोस. डॅडींचा एकाहत्तरचा शेवरोले, तोच. उजवा दरवाजा बदलला. भंगारातलाच आहे, हिरवा मिळाला, बाकी ट्रक निळा. दिसायला भयंकर दिसतो, पण लागतो घट्ट. चौदा वर्षं झोपलेलं इंजिन तिसऱ्या झटक्याला उठलं, मीच दचकले. आता फक्त टर्बो राहिलाय, आणि तो कुठला घ्यायचा ते तू सांगायचंस. पत्र पुरं वाचल्याशिवाय नाही म्हणू नकोस. मला लिहायचा किती कंटाळा तुला माहीत आहे. आठवीत शाळा सुटली, त्यानंतर पावत्यांपलीकडे मी काही लिहिलेलं नाही.

जुना टर्बो तुला आठवत असेलच. तो मोठा, कलिंगडाएवढा. अपघातानंतर मी तो उतरवला आणि आपल्या भंगाराच्या दुकानाच्या ऑफिसच्या दाराला टेकवून ठेवला. वारा सुटला की दार आपटतं ना, म्हणून. चौदा वर्षं त्याने तेवढंच काम केलं, आणि खरं सांगू, त्याच्या आयुष्यात नीट केलेलं काम तेवढंच. गिऱ्हाइकं विचारतात, ट्वायला, विकतेस का? मी म्हणते, दार विकत घ्या, हा फुकट मिळेल.

ते इंजिन बसवलं तो हिवाळा आठवतो का रे? अंडी वाहणारी ती व्हॅन गव्हाच्या शेतात उलटली आणि आपल्या भंगारात आली. मागचा भाग पार चेपलेला, इंजिनला मात्र ओरखडा नाही. तू म्हणालास, हेच डॅडींच्या ट्रकात घालायचं. डॅडी उपड्या बादलीवर बसून कॉफी पीत नुसत्या सूचना करायचे. म्हाताऱ्या घोड्याला तरण्या घोड्याचं काळीज लावताय, त्याला एकदा विचारा तरी, म्हणायचे. तू पुठ्ठ्यावर आडवा, ट्रकखाली, फक्त बूट बाहेर. मी बुटांशीच बोलायचे. दुपारी घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव, तोही तू खालीच खायचास, आणि पाव ग्रीसने काळा झाला की मला शिव्या द्यायचास, जसा काही मीच काळा केला.

मग आपण शनिवारी संध्याकाळी आइस्क्रीमच्या टपरीसमोर जायला लागलो. सगळे ट्रक रांगेत, सगळी बॉनेटं उघडी, आणि लोक पाळण्यातलं पोर बघावं तसे आत वाकून बघणार. त्या बुच टॉलिव्हरने एवढ्या मोठ्या बॉनेटखाली आपलं एवढंसं इंजिन बघितलं आणि टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ट्वायला, नुसतं घर दिसतंय, घरात माणूस नाही का? सगळे हसले. तूही हसलास. मी नाही हसले.

मग तुझा तो टर्बोचा महिना. स्वयंपाकघराच्या टेबलावर कागदच कागद, जेवायला जागा नाही. तू मला कधी अडाणी समजून बोलला नाहीस, हे मी विसरलेले नाही. बशी फिरवून समजावलंस. इंजिनातून बाहेर जाणारा धूर एक चाक फिरवतो, त्या चाकाने दुसरं चाक फिरतं आणि ते इंजिनात जास्त हवा कोंबतं, की ताकद वाढते. चाक छोटं असलं की लगेच फिरायला लागतं, पण वरच्या वेगाला दम संपतो. मोठं असलं की आधी काहीच नाही, मग एकदम सगळं. सकाळी तू छोटा म्हणायचास, रात्री मोठा. डॅडी वैतागून म्हणाले, गावात सिग्नल एक, तिथून रेल्वेच्या फाटकापर्यंत रस्ता अर्धा मैल. तो मोठा जागा होणार कधी, पुढच्या जिल्ह्यात? वरातीमागून घोडं आणून काय करायचंय?

शेवटी एका मंगळवारी तू ट्रकखालून ओरडून सांगितलंस आणि मी ऑफिसातून फोनवर ऑर्डर दिली. दहा दिवसांनी खोकं आलं. तू ते उघडलंस आणि बघतच राहिलास. मोठा. मी हा सांगितला होता? तू विचारलंस. मी म्हणाले, हो, तूच. तू डोकं खाजवलंस आणि हसलास. म्हणालास, तोंडातून मनातलं निघालं वाटतं. शनिवारी बॉनेट उघडलं तेव्हा बुचने स्वतःचं बॉनेट लावून घेतलं. तुझे कान आनंदाने लाल झाले होते. तेवढं सुख मला पुढे कशात मिळालं नाही, हेही लिहून ठेवते.

त्यानंतरचा जून. कापणी चालू, ट्रॉल्यांतून सांडलेला गहू सगळ्या रस्त्यावर. हमरस्त्याला लागताना तू थांबलास. डावीकडून धान्याची लॉरी येत होती, अजून लांब होती. तुला थांबायचं होतं. मी म्हणाले, बसतोस काय, दाब की, निघेल. तू दाबलास. एक क्षण काहीच नाही, नुसतं गुरगुरणं. ट्रक रस्त्याच्या मधोमध, आणि मग सगळी ताकद एकदम आली, ती त्या गव्हावर. चाकं घसरली, ट्रक गर्रकन फिरला आणि माझी बाजू लॉरीपुढे आली. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवतं, मी तर शुद्धीत नव्हते. खुबा मोडला, काठी आली, एवढंच. काठीचा मला काही त्रास नाही, उलट भंगारातली कुत्री वचकून असतात.

तू मात्र डॅडींचा निरोपही न घेता नॉर्थ डकोटाला तेलाच्या विहिरींवर गेलास. डॅडी गेले तेव्हा आलास, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलास, कॉफी न घेता परत. दर नाताळला तुझं एक कार्ड, त्यात एकच ओळ, पाय कसा आहे. पाय बरा आहे, लॉनी. चौदा वर्षं बराच आहे.

गेल्या रविवारी तुझ्या कॅरलचा फोन आला. तिच्यावर चिडू नकोस, गुणी बाई आहे, मला न घाबरता बोलली. म्हणाली, हा आमच्यापैकी कुणालाच गाडीत शेजारी बसवत नाही. जोसीच्या जन्माच्या वेळी कॅरलला कळा सुरू झाल्या तर तू शेजाऱ्याला उठवलंस, त्याच्या गाडीत तिला बसवलंस, आणि तू मागून तुझ्या गाडीत एकटा गेलास. पोर आता सहा वर्षांची झाली, बापाच्या शेजारी एकदाही बसलेली नाही. मी फोन ठेवला, काठी घेतली आणि शेडचं कुलूप तोडलं, कारण किल्ली कुठे टाकली ते आठवत नव्हतं.

आता ऐक. त्या मंगळवारी तू ट्रकखालून ओरडलास, ते होतं, छोटा. स्पष्ट ऐकलं मी. दोनदा ओरडलास. फोनवर मी मोठा सांगितला, मुद्दाम, कारण बुचचं ते हसणं माझ्या कानातून जात नव्हतं. वर खोकं उघडल्यावर तुझ्या तोंडावर खोटं बोलले, आणि हॉस्पिटलात तू पायाशी बसून, माझीच निवड चुकली, असं म्हणत रडलास तेव्हा गप्प राहिले. आधी दुखत होतं म्हणून, मग लाज वाटली म्हणून, आणि मग वर्षं गेली. तू बरोबर निवडलं होतंस, लॉनी. थांबायचं म्हणालास तेही बरोबर होतं. चुकीचं माणूस तुझ्या शेजारी बसलं होतं. सोबत कॅटलॉगाचं पान पाठवतेय, त्यावर दोन्ही आहेत. एकावर खूण करून कॅरल आणि जोसीला घेऊन ये. या खेपेला फोन तूच कर, मी नुसती उभी राहीन. बसवून झाला की पहिल्या फेरीला हिरव्या दाराशी मी बसणार आहे, आणि रस्ता मोकळा होईपर्यंत एक शब्द बोलणार नाही. दुसऱ्या फेरीला ती जागा जोसीची.

तुझीच, खोटं बोललेली बहीण,
ट्वायला