स्वतः पाहिलेलं लिहा

२ जुलै, उमरगा
आले बाई एकदाची. हायवेच्या ट्रकांची घरघर आहे, पण खोली झकास. खाली राहणाऱ्या घरमालकीण मालनबाईंनी, पोरी लई वाळलीस गं, म्हणत गरम धपाटे दिले. ज्युनिअर कॉलेजात ऑनलाइन चाचण्या माझ्याकडं. प्राचार्य शांतलिंग सर म्हणाले, गेल्या वेळी अख्ख्या वर्गाचा निबंध एकच. कॉपी थांबवाल तरच नोकरी पक्की. थांबवतेच बघा.

५ जुलै
नेटवर सापडणारच नाही असा प्रश्न टाकला: स्वतः पाहिलेली एक खोली लिहा. पोरं जाम वैतागली, मला मजा वाटली. पण अक्षरा नावाच्या मुलीनं चक्क माझी खोली लिहिलीय. खुंटीवरची हिरवी पर्स, पलंगाखालची तुटकी चप्पल, सगळं. वर कुणी येतं का, मालनबाईंना विचारलं. न्हाय म्हणाल्या. आगाऊ कुठली. शून्य दिला.

८ जुलै
सर म्हणाले, कॉपी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरनं तिचा पेपर अस्सल ठरवलाय, मग शून्य कसा? दुपारी स्टाफरूममधून तिची व्हिडिओवर तोंडी घेतली. नियमाप्रमाणं कॅमेरा फिरवून खोली दाखव म्हटलं. दाखवली. माझी खोली. मी तर कुलूप लावून आले होते. ती शांतपणे म्हणाली, मॅडम, मी पाहिल्याशिवाय लिहीत नाही.
धावत घरी आले. कुलूप तसंच. आत कुणी नाही. खुर्ची मात्र गरम होती.

९ जुलै
भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. पण तिची लबाडी उघड केली नाही तर माझी नोकरी जाते. म्हणून कुणीच पाहिलेलं नाही असं विचारलं: उद्याची सकाळ लिहा. बघू आता.

संध्याकाळी
पेपर आला. लिहिलंय, सकाळी मॅडम हिरवी पर्स घेऊन कॉलेजात येतात. कुणाला काही फरक कळत नाही.
फरक कसला? सॉफ्टवेअरचा शेरा मात्र तोच. अस्सल.

१० जुलै
उजाडलं. खुंटीवर पर्स नाही. खाली मालनबाई कुणालातरी म्हणाल्या, आज लवकर निघालीस पोरी. व्हय, म्हणणारा आवाज — माझा.
ओरडले. त्यांना ऐकू जात नाही. कडी हाताला लागत नाही — हात आरपार —
मोबाइलवर कॉलेजातल्या माझ्या हजेरीचा मेसेज. चेहरा जुळला. उपस्थित.
मालनबाई, ती मी नाही, मी इथं वर — पेनसुद्धा आता हातात