वामनदादांनी ठेवायला दिलेले व्हायोलिन

मी, श्रावण रामाजी घागरे, वय ५४, संस्कृत शिक्षक, राहणार सौंसर, जिल्हा पांढुर्णा, कोणाच्या दबावाने नव्हे तर पोटात गाठ निघाल्यामुळे हे मृत्युपत्र लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. मन बधिर आहे. लोकांना ते स्थितप्रज्ञाचे लक्षण वाटते. त्यांचा गैरसमज मी दूर केलेला नाही.

१. घर व बोरगावचा संत्र्याचा दीड एकर बगीचा धाकटा भाऊ योगेश याला. माझ्या पुस्तकांना तो सतरा वर्षे रद्दी म्हणत आला, तीही त्यालाच.

२. व्हायोलिन. पाठ दोन फळ्यांची, लाकडात वाघाच्या पट्ट्यांसारखी लहर. पुढे उजव्या छिद्राखाली बोटभर चीर, सरसाने बुजवलेली. चारांपैकी एक खुंटी इथल्या सुताराने केलेली. आतल्या चिठ्ठीवर जर्मनीतल्या गावाचे नाव. साल कसरीने खाल्ले. हनुवटीजवळचा रंग उडाला आहे, तो वामन सोमकुंवर यांच्या वडिलांच्या हनुवटीने. तिगाव स्टेशनवरचा गोरा इंजिनिअर देश सोडताना ते त्यांना देऊन गेला होता.

१९८३ च्या पावसाळ्यात वामनदादांचे छत गळत होते, म्हणून त्यांनी ते आमच्याकडे ठेवले. दिवाळीनंतर न्यायला आले. बाबा म्हणाले, "असू दे ना बे वामन, कुठी पळून चाललं का ते?" तीनदा आले, मग आले नाहीत. दर खांडेनवमीला आई व्हायोलिनला हळदकुंकू लावी आणि मंत्र मी म्हणे. हळदकुंकू लागले की वस्तू घरची, असा आमच्याकडचा समज. मंत्रांचे उच्चार मात्र शुद्ध होते.

योगेश म्हणतो, "बाबाची निशानी हाय दादा, अन् तू वाटून राहिला!"

वाटत नाही. जे माझे नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही, एवढा कायदा मला कळतो. म्हणून काल मी स्वतः ते पांढुर्ण्याला वामनदादांच्या घरी नेऊन दिले. त्यावर योगेशने वा त्याच्या मुलांनी हक्क सांगितल्यास कलम १ रद्द समजावे व घर शाळेला द्यावे. पुस्तके तरीही त्यालाच.

वामनदादा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. व्हायोलिनची पेटी हातात घेऊन म्हणाले, "किती दिवस ठेवाचं हाय, गुरुजी?"

"तुमचंच हाय ते."

"हो, पण न्याले कवा येता?"

त्यांनी पेटी पलंगाखाली सरकवली. उघडली नाही.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून सही केली. वाचताना आवाज कुठे अडला नाही.

सही: श्रावण रामाजी घागरे
साक्षीदार: १) सुचिता बोबडे, शेजारी २) कुलदीप ढोक, सहशिक्षक
सौंसर, १९ नोव्हेंबर २०२४